लंडी कोतलहून एक फोन

13 ऑगस्ट 1972ची सकाळ. तुम्ही खैबर खिंडीतल्या लंडी कोतलच्या बाजारात उभे आहात. नाव भारतीय हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, पण इथे ते ओठांवर आणायचं नाही. सोबत तुमच्याच दलाचे ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. काल रात्रीच्या वादळात 1971च्या युद्धातल्या कैद्यांच्या रावळपिंडीतल्या छावणीची भिंत फोडून तिघं निसटलात. बसने पेशावर, मग टांगा, पुन्हा बस. अफगाण सरहद्द आता जेमतेम काही मैलांवर.

इथे प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी, तुमचीच डोकी बोडकी. तुम्ही टोप्या आणता. ग्रेवालच्या डोक्यात ती शिरेना, म्हणून बदलायला पुन्हा दुकान गाठता. लंडी खानाला कसं जायचं, ही चौकशीही चालू आहे. तुमच्या नकाशात ते सरहद्दीजवळचं रेल्वे स्टेशन आहे. पण तिथली गाडी 1932 सालीच बंद झाली! लंडी खाना विचारणारा इथला असणं शक्यच नाही. तहसीलदाराचा अर्जनवीस, म्हणजे अर्ज लिहिणारा कारकून, आडवा येतो. त्याला वाटतं, तुम्ही युद्धानंतर पाकिस्तानातून अफगाणिस्तानात पळणारे बंगाली.

आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचे, लाहोरहून फिरायला आलोय, असं तुम्ही ठोकून देता. तहसीलदाराला ते पटत नाही. मुलूख टोळीवाल्यांचा. हेर समजून इथे गोळ्या घातल्या, तर छावणीतल्या सोबत्यांना पत्ताही लागायचा नाही.

धूम ठोकावी, तर भोवती बंदुका. थाप रेटावी, तर संशय वाढणार. हाती एकच माहिती आहे: छावणीचे पूर्वीचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी, म्हणजे खास सहायक, आहेत, आणि माणूस सभ्य आहे. तुम्ही त्यांनाच फोन लावून मागता. आम्ही तिघं इथे अडकलोय, एवढं कळवता. हमीद तहसीलदाराला बजावतात की ही माणसं आमची आहेत, कोठडीत ठेवा, पण हात लावू नका.

भिंत फोडायला धाडस लागलंच. पण मला त्या फोनचं मोल अधिक वाटतं. कैदेत पडलो तर पळून दाखवीन, हा पण तुम्ही युद्धाआधीच केला होता. सरहद्द नजरेच्या टप्प्यात असताना तो बाजूला ठेवलात, कारण सोबत आणखी दोन जीव होते. याला हार म्हणणाऱ्याला नेतृत्व कळलेलं नाही.

1 डिसेंबर 1972 रोजी तिघंही इतर युद्धकैद्यांबरोबर वाघा ओलांडून भारतात परतले.