बिअर घराबाहेर गेली आणि परत आली

आजच्या व्याख्यानासाठी एक टेबल डोळ्यांसमोर आणू या. घरातलंच, जेवणाचं. त्यावर चार बाटल्या आहेत: पोर्टर, इंडिया पेल एल, पिल्सनर आणि बेल्जियमची गव्हाची बिअर. अशा निरनिराळ्या शैलींच्या बाटल्या घरी आणून, चार मित्रांबरोबर चव घेत बसण्याची हौस आता आपल्याकडेही रुजली आहे. एक काळीभोर, एक कडू, एक सोनेरी, एक गढूळ. फरक जिभेला लगेच कळतो. पण तो आला कुठून? आम्हाला आज एवढंच मांडायचं आहे, की बिअर मुळात घरचीच होती. ती घराबाहेर पडली तेव्हा पाणी, कर आणि कायदा यांनी तिला जे आकार दिले, त्यांना आज आपण शैली म्हणतो.

आता हे घर कोणाचं होतं ते पाहू. चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये एल बनवायची ती बहुतेक बायकांनी. मोड आणून वाळवलेलं धान्य, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजवायचं, तो गोडसर रस आंबवायचा, घरापुरतं ठेवायचं आणि उरलेलं शेजारीपाजारी विकायचं. या एलमध्ये हॉप्सची कडू फुलं नसत, त्यामुळे ती चार-पाच दिवसांत आंबून जाई. साठवता येत नाही आणि लांब पाठवता येत नाही, म्हणून धंदा लहानच राहिला. आणि लहान होता म्हणून बायकांच्या हातात राहिला.

पंधराव्या शतकात समुद्रापलीकडून हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडमध्ये रुजली. हॉप्सनं बिअर टिकते. टिकते म्हटल्यावर मोठी भांडी आली, मोठी भांडी म्हणजे मोठं भांडवल, आणि भांडवल व परवाने होते पुरुषांकडे. दोनेकशे वर्षांत बाई या धंद्यातून जवळजवळ बाहेर पडली. हे कोणी एका दिवसात ठरवलं नाही बरं का. एका फुलानं हिशेब बदलला.

आता पहिली बाटली, पोर्टर. अठराव्या शतकातलं लंडन. तिथल्या विहिरींचं पाणी चुनखडीचं, आणि अशा पाण्यात गडद भाजलेला माल्ट चांगला उतरतो. ओझी वाहणाऱ्या हमालांचं हे आवडतं पेय, नावही त्यांच्यावरूनच पडलं. पुढे १८१६च्या कायद्यानं बिअरला रंग देणारे इतर पदार्थ बंद केले. लगेच १८१७मध्ये डॅनियल व्हीलरनं कॉफीसारखा माल्ट भाजण्याच्या पिंपाचं पेटंट घेतलं. आज काळ्या बिअरमध्ये आपल्याला जी कॉफीची चव लागते, तिची एक बाजू अशी कायद्यात आहे.

या पोर्टरची भांडी किती मोठी झाली होती? १७ ऑक्टोबर १८१४ला लंडनमधल्या म्यू कंपनीच्या कारखान्यात असं एक प्रचंड लाकडी पिंप फुटलं. बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत, तळघरांत शिरला. आठ जण मेले, सगळ्या बायका आणि मुलं. घरातून गेलेली बिअर घरात परतली ती अशी.

दुसरी बाटली आपल्या ओळखीची, कारण तिच्या नावातच इंडिया आहे. भारताच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम शोधली, अशी गोष्ट सांगतात. ती तितकीशी खरी नाही. जास्त हॉप्सची, टिकाऊ, फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या धक्क्याजवळ होता, आणि तो कप्तानांना उधारीवर माल देई. ही बिअर मुंबई-कलकत्त्याला उतरे ती साहेबांच्या घरांसाठी. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुधा पोर्टरच. १८२०च्या दशकात बर्टनचे कारखानदार या व्यापारात उतरले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यानं हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उमटतो. हॉजसन मागे पडला.

तिसरी, पिल्सनर. बोहेमियातल्या पिल्सन गावाची बिअर इतकी बिघडली होती, की १८३८मध्ये लोकांनी ३६ पिंपं रस्त्यावर ओतून दिली. मग गावानं नवा कारखाना काढला आणि बव्हेरियाचा योसेफ ग्रोल याला बोलावलं. १८४२मध्ये त्यानं तिथल्या अतिशय मृदू पाण्यात फिकट माल्ट आणि थंडीत सावकाश काम करणारं यीस्ट वापरलं, आणि सोनेरी बिअर तयार झाली. पुढे यंत्रानं थंडावा आला आणि ही बिअर जगभर कुठेही बनू लागली. हिचा विजय इतका मोठा, की इतर चवी मरू लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत ब्रिटनमध्ये पोर्टर जवळजवळ संपली.

चौथी बाटली याच मरणातून उठलेली. बेल्जियममधल्या हूखार्डन गावचा गव्हाच्या बिअरचा शेवटचा कारखाना १९५७मध्ये बंद झाला. पियेर सेलिस या दूधवाल्यानं लहानपणी त्या कारखान्यात हात लावला होता. १९६६मध्ये त्यानं गोठ्यात भांडी मांडून, धणे आणि संत्र्याची साल घालून ती चव पुन्हा उभी केली. लिखित शास्त्रापेक्षा हाताची आठवण कामी आली.

बिअर घरी परतली ती कायद्याच्याच वाटेनं. ब्रिटननं १९६३मध्ये घरी बिअर बनवण्यासाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेनं १९७८मध्ये कायदा करून घरच्या बिअरला मोकळीक दिली. आज छोट्या कारखान्यांची जी लाट दिसते, तिच्यातले कित्येक लोक आधी स्वयंपाकघरात शिकले.

आणि आपल्याकडे? आपल्या घरची बिअर नव्हती, पण कोकणात माडी होती, आदिवासी पाड्यांवर मोहाची होती. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं ताडी-माडीची झाडं करात बांधली आणि दारू सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांकडे वळवली. १८९२च्या कायद्यानं तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच बंधन आलं. ही फुलं गरिबाचं अन्नही होती, हे लक्षात घ्या. स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला. परवान्याची पद्धत आजही त्याच्याच आधारानं चालते.

दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं आपण पाहिली आहेत, आणि बंदी मागणाऱ्या बायकांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरीही एक हिशेब राहतो. साहेबाच्या बाटलीला शैली हे नाव मिळालं, आणि पाड्यावरच्या बाईच्या मडक्याला गुन्हा. मोहाच्या किती चवी होत्या, कोणत्या गावचं पाणी कसं उतरे, याची नोंद ठेवणारा सेलिस आपल्याकडे झाला नाही.

तेव्हा परवाना असेल आणि बसणारच असाल, तर फिकटपासून गडदकडे जा. पिल्सनर चांगली गार, पोर्टर मात्र फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, बर्फगार असली की तिची चव मुकी होते. गव्हाची बिअर ओतताना शेवटचा घोट बाटलीत हलवून घ्या, गाळात चव असते. थोडंच घ्या. आणि घरात एखादी आजी असेल, माडी किंवा मोहाचं काही आठवणारी, तर तिला विचारा आणि लिहून ठेवा.