मिनिट : एका छोट्या शब्दाचा मोठा प्रवास

‘एक मिनिट हं!’ असे आपण दिवसातून अनेकदा म्हणतो. ते मिनिट कधी दहा सेकंदांचे असते, तर कधी पाव तासाचे. बोलण्यात हे चालून जाते, पण आजारपणात मिनिट म्हणजे मोजून ६० सेकंदच. हा शब्द आला कुठून, ते पाहू.

‘मिनिट’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘मिनुटा’ म्हणजे बारीक केलेला, लहान. प्राचीन बॅबिलोनमध्ये साठच्या पटीत गणित करत. ती पद्धत ग्रीक खगोलशास्त्रज्ञांनी उचलली. पुढे लॅटिन ग्रंथांत साठाव्या भागाला ‘पहिला लहान भाग’ आणि त्याच्याही साठाव्या भागाला ‘दुसरा लहान भाग’ म्हणू लागले. पहिल्याचे झाले मिनिट, तर दुसऱ्याचे सेकंद. म्हणजे ‘सेकंद’चा अर्थ चक्क ‘दुसरा’! आपल्याकडेही दिवसाच्या ६० घटका आणि घटकेची ६० पळे होतीच.

मात्र शब्द असला तरी मिनिट मोजायचे कशाने? जुन्या घड्याळांना बहुधा तासकाटाच असे. वैद्य नाडीची गती बोटांनी ओळखत, पण तिचा आकडा सांगत नसत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतील सांतोरिओ या वैद्याने दोरीला वजन बांधून लंबक केला. लंबकाचे झोके नाडीशी जुळेपर्यंत तो दोरी लांब-आखूड करी. नाडीची नोंद व्हायची ती दोरीच्या लांबीत!

१६५६ मध्ये हायगेन्सने लंबकाचे घड्याळ बनवले आणि मिनिट विश्वासाने मोजता येऊ लागले. १७०७ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजण्यासाठी खास घड्याळ वापरून त्यावर पुस्तक लिहिले. ‘मिनिटाला इतके ठोके’ ही भाषा तिथून पुढे हळूहळू रुळली.

आज हे घड्याळ तुमच्या मोबाईलमध्ये आहे. त्याचा उपयोग करा :

• नाडी : प्रौढ व्यक्ती शांत बसलेली असताना साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजा.

• बाळाचा श्वास : खोकला किंवा ताप असेल तर बाळ रडत नसताना पोटाची हालचाल पूर्ण मिनिट मोजा. २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास असतील, तर न्यूमोनियाची शक्यता असते. लगेच डॉक्टरांकडे न्या.

• आकडी : सुरू होताच घड्याळ पाहा. ५ मिनिटांत थांबली नाही, तर ताबडतोब १०८ ला फोन करा.

घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही तासासारखे वाटते. म्हणून अंदाज नको, घड्याळ पाहा आणि आकडा लिहून ठेवा. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.