दुभाष्याची चूक

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची संध्याकाळ. नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांत चकल्यांचा खमंग वास दरवळत होता आणि कोपऱ्यातल्या संगणकापुढे सुटीवर आलेला माझा भाचा रडकुंडीला आला होता. खेळ सुरू केला, की चित्रातला किल्ला फाटल्यासारखा दिसे, पडदा काळा होई आणि खेळ बंद पडे. पाचव्यांदा असे झाले, तेव्हा मी मास्तरी आवाजात म्हणालो, ‘‘भलतेच काहीतरी दाबले असशील तू!’’

‘‘नाही हो मामा, मी काहीच केलं नाही!’’

माझा विश्वास बसला नाही. वर्गातही सहसा बसत नाही.

रात्री मात्र वाचता वाचता कळले, की या रडण्याला इतिहास आहे. १९९४ सालच्या नाताळात डिस्नेने ‘द लायन किंग’ची गोष्ट सांगणारी तबकडी मुलांसाठी बाजारात आणली. अमेरिकेत घरोघरी ती मोठ्या हौसेने लावली गेली आणि कित्येक घरांत गोष्टीऐवजी संगणकच बंद पडला. संतापलेल्या आईबापांच्या तक्रारींची रीघ लागली. मुलांनी काहीच मोडले नव्हते. त्या गोष्टीतली चित्रे मायक्रोसॉफ्टच्या ‘विनजी’ या साधनातून उमटत आणि कॉम्पॅकच्या नव्या प्रेसारिओ संगणकांतल्या ड्रायव्हरचे त्याच्याशी जमेना.

हा ड्रायव्हर गाडी हाकणारा नव्हे. खेळाची आज्ञा ग्राफिक्स कार्डाला त्याच्या भाषेत सांगणारा तो दुभाष्या. १६७४ साली हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी होता. त्याने शब्द चुकीचे पोचवले असते, तर दोन्हीकडची माणसे शहाणी असूनही बोलणी फिसकटली असती!

त्या नाताळानंतर मायक्रोसॉफ्टमधल्या ॲलेक्स सेंट जॉन, क्रेग आयस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या तिघांनी ‘डायरेक्टएक्स’ घडवले. १९९५ च्या सप्टेंबरात ते आले. खेळाने कसे बोलावे आणि ड्रायव्हरने कसे ऐकावे, याचे ते व्याकरणच. पण व्याकरण आले म्हणून चुका थांबत नाहीत, हे मराठीच्या मास्तराला कोणी सांगायला नको.

धनत्रयोदशीला आम्ही मामा-भाचे कामाला लागलो. पेटीतली धूळ काढली. दिवाळीची साफसफाई तिथवर पोचलीच नव्हती. खेळ पुन्हा पडला. चित्रांची बारकाई कमी केली. दहा मिनिटे टिकला आणि पडला. तेव्हा मला आठवले, की गणपतीनंतर मीच नवे कार्ड बसवून घेतले होते. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर मात्र तसाच राहिला होता. नव्या घरात जुना दुभाष्या! संगणक सेफ मोडमध्ये चालू करून तो काढून टाकला आणि नव्या कार्डाचा ताजा ड्रायव्हर उतरवून घेतला.

किल्ला अखंड उभा राहिला. तासभर खेळ एकदाही थांबला नाही.

‘‘मामा, मी सांगितलं होतं ना?’’

मी मुकाट्याने चकल्यांची बशी पुढे केली. मग मनात आले, एवढ्याने भागणार नाही. आणि म्हणालो, ‘‘चूक माझी होती, बाळ.’’