रुपयांचा चषक आणि सावकाश चालत आलेले पंधरा जण

रग्बी या खेळाशी माझा संबंध तसा शून्य. आमची पिढी क्रिकेटवर पोसलेली. अंडाकृती चेंडू काखेत मारून पळणारे आणि त्यांच्या अंगावर झेपावणारे धिप्पाड लोक टीव्हीवर दिसले की मी मुकाट्याने चॅनेल बदलायचो. तरीही या खेळाच्या एका सामन्याची कॅसेट मी पाच-सहा वेळा तरी पाहिली असेल. त्याचीच ही गोष्ट.

२००६ साली कंपनीच्या कामासाठी सात-आठ महिने एडिंबरामध्ये होतो. एका निवृत्त शाळामास्तरांच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली होती. मरेफील्डचं रग्बी मैदान तिथून चालत पंधरा मिनिटांवर. पहिल्याच आठवड्यात आजोबांनी (मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायचो) विचारलं, "तू इंडियाचा ना? मग आमचा कप तुमच्याच पैशांचा आहे!" मला वाटलं, संध्याकाळची जरा जास्तच झालेली दिसते. पण नाही. गोष्ट खरी होती.

झालं असं की १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात तिथल्या गोऱ्या मंडळींनी रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे लोक, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. मजा आली, म्हणून पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पण बंगालच्या उकाड्यात हा खेळ रुजेना. पोलो आणि टेनिस मंडळींना जास्त सोयीचे वाटू लागले. क्लबातली फुकट दारू बंद झाल्यावर सभासदही पांगले असं म्हणतात, आणि त्यावर माझा चटकन विश्वास बसला! शेवटी १८७८ च्या सुमारास क्लब गुंडाळायचं ठरलं. बँकेत शिल्लक होती. ती चांदीच्या रुपयांत काढली, रुपये वितळवले आणि त्या चांदीचा चषक घडवून लंडनच्या रग्बी युनियनला भेट दिला. चषकाला तीन नागांचे कान आणि झाकणावर हत्ती. हाच तो कलकत्ता कप. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी भांडतायत. ते रुपये मुळात आले कुठून, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी सुचला नाही. नंतर सुचला. ते पुढे येईलच.

या चषकाचे हालही कमी झालेले नाहीत. १९८८ साली सामना संपल्यावर रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री हे दोघे चषक घेऊन एडिंबराच्या रस्त्यांवर हिंडले. सकाळपर्यंत चषकाला पोचेच पोचे. रिचर्ड्स पेशाने पोलीस, जेफ्री शेतकरी. इंग्लंडने आपल्या पोलिसाला एका सामन्याची बंदी घातली, स्कॉटलंडने आपल्या शेतकऱ्याला सहा महिन्यांची. आजोबा म्हणायचे, "यातच काय ते समजून घे."

आता त्या कॅसेटकडे येतो. तारीख १७ मार्च १९९०, मैदान मरेफील्ड. पाच देशांच्या स्पर्धेत उरलेल्या चौघांना हरवलं की ग्रँड स्लॅम. त्या वर्षी इंग्लंड आणि स्कॉटलंड दोघांनीही आपापले तिन्ही सामने जिंकले होते, म्हणजे जिंकेल त्याला सगळंच. पण दोघांच्या जिंकण्यात जमीन-अस्मानाचा फरक. इंग्लंडने आयर्लंडला २३-०, फ्रान्सला २६-७ आणि वेल्सला ३४-६ असं चिरडलेलं. स्कॉटलंडने फ्रान्सला २१-० ने हरवलं खरं, पण आयर्लंड (१३-१०) आणि वेल्सशी (१३-९) त्यांचा घाम निघाला होता. इंग्लंड जिंकणार यात जाणकारांना फारशी शंका नव्हती.

पण मरेफील्डवर त्या दिवशी नुसतं रग्बी नव्हतं. थोडं मागे जावं लागेल. १७०७ साली स्कॉटलंडची पार्लमेंट विसर्जित होऊन लंडनच्या पार्लमेंटात मिसळली. १९७९ साली एडिंबरामध्ये स्वतःची विधानसभा हवी का, यावर मतदान झालं. होकाराची मतं जास्त पडली, पण एकूण मतदारांपैकी चाळीस टक्क्यांनी होकार दिला पाहिजे अशी अट होती, ती पुरी झाली नाही. म्हणजे जिंकूनही हरले! त्यानंतर मार्गारेट थॅचर आल्या. १९८७ च्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या ७२ जागांपैकी त्यांच्या पक्षाला फक्त १० मिळाल्या, तरी राज्य त्यांचंच. आणि वर पोल टॅक्स. आपल्या जुन्या भाषेत सांगायचं तर डोईपट्टी. उत्पन्न किती, घर केवढं याचा विचार नाही, माणशी कर. हा कर स्कॉटलंडमध्ये १९८९ च्या एप्रिलमध्ये लागू झाला, इंग्लंडमध्ये त्यानंतर वर्षाने. प्रयोग आधी आमच्यावर, अशी तिथल्या लोकांची भावना झाली. आजोबा शांत माणूस, पण या विषयावर आले की त्यांचा चहा गार व्हायचा.

अशा वातावरणात तो सामना. इंग्लंडचा संघ धावत मैदानात आला, जसे सगळे संघ येतात. मग स्कॉटलंडचा कर्णधार डेव्हिड सोल बाहेर आला... चालत. छाती पुढे, नजर समोर, आणि पावलं अगदी सावकाश. मागे चौदा जण, तेही तसेच. क्षणभर लोकांना कळेचना हे काय चाललंय. आणि कळलं तेव्हा जो आवाज उठला, तो कॅसेटच्या खरखरीतूनही अंगावर येतो. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते चालणं कळलं. आम्ही कुठेही पळून जाणार नाही, एवढंच ते सांगत होतं.

नंतर गाणं. तोवर रग्बीच्या सामन्यांना स्कॉटलंडसाठीही इंग्लंडचंच राणीचं गाणं वाजायचं आणि मरेफील्डवरची माणसं त्याला हुर्यो करायची. त्याच मोसमात 'फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड' हे लोकप्रिय गीत राष्ट्रगीत म्हणून वाजवायला सुरुवात झाली. विषय १३१४ ची बॅनकबर्नची लढाई, जिथे रॉबर्ट ब्रूसने इंग्लंडच्या राजाला पिटाळलं. ते लिहिणारे रॉय विल्यमसन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. आपलं गाणं हजारो गळ्यांतून जाताना त्यांच्या हयातीतच घडलं, हे मला फार बरं वाटतं.

सामन्याचं थोडक्यात सांगतो. पेनल्टीचे तीन गुण आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवला (म्हणजे ट्राय) तर तेव्हा चार. क्रेग चामर्सने तीन पेनल्टी मारल्या, इंग्लंडच्या जेरेमी गस्कॉटने एक देखणा ट्राय केला, मध्यंतराला ९-४. दरम्यान इंग्लंडला स्कॉटलंडच्या रेषेजवळ पेनल्टी मिळाल्या होत्या. सरळ गोलात मारून तीन-तीन गुण घ्यायचे, तर त्यांनी परत परत स्क्रम मागितला. आम्ही तुम्हाला ढकलूनच आत जाणार, असा हिशेब. आठ विरुद्ध आठ, खांद्याला खांदा. स्कॉटलंडचे आठ मागे सरले, कोसळले, पुन्हा उभे राहिले, पण रेषा ओलांडू दिली नाही. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच गॅव्हिन हेस्टिंग्जने चेंडू पुढे लाथाडला आणि हॉइक गावच्या एकवीस वर्षांच्या टोनी स्टँगरने तो हवेत झेलून रेषेपलीकडे टेकवला. १३-४. इंग्लंडने एक पेनल्टी मारली, १३-७. उरलेला वेळ म्हणजे नुसती धडका आणि धडका. शिट्टी वाजली आणि लोक कुंपण ओलांडून मैदानात घुसले.

आजोबा त्या दिवशी मैदानात होते. मी विचारलं, "तुम्ही काय केलंत?" म्हणाले, "शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. आम्ही स्कॉटिश लोक असलं काही करत नाही." रात्री गावातल्या दारूच्या गुत्त्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. ते पहाटे घरी पोचले आणि बायको दार उघडेना, कारण ते दाराबाहेरसुद्धा गात होते. मग हसू आवरून म्हणाले, "सोमवारी कराची नोटीस तशीच टेबलावर होती. पण मी सोमवारी वेगळा माणूस होतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. कर रद्द झाला नव्हता, सरकार पडलं नव्हतं. चेंडू रेषेपलीकडे टेकवल्याने राज्य मिळत नाही. १९११ साली मोहन बागानच्या अनवाणी पोरांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून शिल्ड जिंकली, तेव्हाही दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात राज्य साहेबाचंच होतं. पण ज्यांचं म्हणणं कुणी ऐकतच नाही, त्यांना एका दुपारी ऐंशी मिनिटं सगळ्यांना ऐकावंच लागेल असं बोलता आलं, याची किंमत कशी मोजायची?

मी पुरता स्कॉटलंडवाला झालो होतो. आणि मग लँगहमला गेलो.

ऑफिसातला एक मित्र सुट्टीच्या दिवशी गाडीने सीमेवरचा भाग दाखवायला घेऊन गेला. हा रग्बीचा बालेकिल्ला. स्टँगरचं हॉइक इथलंच, आणि लँगहमचा रग्बी क्लब तर १८७१ चा. त्या गावाच्या वर टेकडीवर एक उंच दगडी स्तंभ आहे. कोणाचा म्हणून विचारलं, तर सर जॉन माल्कम यांचा. मी जागच्या जागी थांबलो. आपला माल्कम! ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांची पेन्शन घेऊन बिठूरला गेला, तोच. पुढे मुंबईचा गव्हर्नरही झाला. त्याच्या आधीचा गव्हर्नर, पेशवाईचा मुलूख ताब्यात घेऊन त्याची घडी बसवणारा एल्फिन्स्टन, तोही स्कॉटिश. साताऱ्याला रेसिडेंट राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, तोही. कलकत्त्याच्या त्या क्लबातही स्कॉटिश लोक होतेच. चषकाचे रुपये कुठले, हा प्रश्न मला त्या टेकडीवर सुचला.

म्हणजे मी ज्यांना बिचारे समजून टाळ्या वाजवत होतो, ते आमच्या दारात आले तेव्हा बिचारे नव्हते. गंमत म्हणजे तो सोल जन्मला इंग्लंडमध्ये, एल्सबरीला. प्रशिक्षक इयन मॅगीकनही जन्माने लीड्सचे. कोण दुबळा आणि कोण दांडगा, कोण आपला आणि कोण परका, याच्या रेषा मैदानावर चुन्याने आखलेल्या असतात तशा बाहेर कुठेच नसतात.

परत आल्यावर आजोबांना हे सांगितलं. वाटलं, वाईट वाटेल त्यांना. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हो. जहाजात आम्हीही होतो. वरच्या मजल्यावर नसू कदाचित, पण होतो." आणि थोड्या वेळाने, "तरी तो दिवस माझा होता रे." मला दोन्ही पटलं. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. दुबळ्याच्या विजयात नाचताना आपण त्याच्या सगळ्या इतिहासावर सही करत नसतो, फक्त तो इतिहास विसरायचा नसतो.

पुढे स्कॉटलंडला १९९९ साली स्वतःची पार्लमेंट मिळाली. २०१४ साली स्वातंत्र्यावर मतदान झालं तेव्हा ५५ टक्के लोकांनी नको म्हटलं. आजोबांनी काय मत दिलं ते मला कळलं नाही. १९९१ च्या विश्वचषकात त्याच मरेफील्डवर उपांत्य सामन्यात इंग्लंडने स्कॉटलंडला ९-६ ने हरवलं होतं. ती कॅसेट त्यांच्याकडे नव्हती. निदान मला तरी कधी दाखवली नाही.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी ती जुनी कॅसेट पुन्हा लावली. सामना नाही बघितला. फक्त ते पंधरा जण सावकाश चालत येतात तेवढं बघितलं, मागे नेलं, आणि पुन्हा बघितलं. असो.