गोव्याचे राजकीय नेतृत्व: ख्रिस्ती आणि मुस्लिम समाजांचे प्रतिनिधित्व

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये येथे पहिली विधानसभा निवडणूक झाली. तेव्हापासून मुख्यमंत्रिपदावर पाच ख्रिस्ती नेते आले. मुस्लिम नेता त्या पदावर एकदाही आला नाही. पाच ही संख्या लहान राज्याच्या मानाने कमी वाटत नाही. परंतु तारखा पाहिल्या की चित्र पालटते. पाचही जणांच्या कारकिर्दी मार्च १९९० ते ऑक्टोबर २००० या साडेदहा वर्षांत सामावतात. त्यांचा एकत्रित कार्यकाळ सुमारे सव्वाचार वर्षांचा, म्हणजे विधानसभेच्या एका पूर्ण मुदतीपेक्षाही कमी भरतो. ऑक्टोबर २००० मध्ये मनोहर पर्रीकर यांनी सूत्रे हाती घेतल्यानंतर हे पद पुन्हा ख्रिस्ती नेत्याकडे गेलेले नाही. याउलट विधानसभेत निवडून येणाऱ्या ख्रिस्ती आमदारांची संख्या या काळात भक्कम राहिली. सभागृहातील संख्याबळ आणि सत्तेचे शिखर यांतील हे अंतर कसे निर्माण झाले, याचा हा आढावा.

लोकसंख्या आणि मतदारसंघ

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. त्यात हिंदू ६६.०८ टक्के, ख्रिस्ती २५.१० टक्के आणि मुस्लिम ८.३३ टक्के होते. मुक्तीच्या सुमारास ख्रिस्ती समाजाचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता. परदेशी आणि मुंबईसारख्या शहरांकडे झालेले स्थलांतर आणि बाहेरून गोव्यात आलेली लोकसंख्या यांमुळे हे प्रमाण घटत गेले.

मात्र निवडणुकीत टक्केवारीइतकीच वस्तीची रचनाही निर्णायक असते. ख्रिस्ती समाज प्रामुख्याने तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि मुरगाव या जुन्या काबिजादीच्या तालुक्यांत एकवटलेला आहे. गोव्यातील मतदारसंघ देशातील अत्यंत लहान मतदारसंघांपैकी आहेत. २०२२ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार चाळीस जागांत विभागले गेले होते. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांहूनही कमी. त्या वर्षी सांत आंद्रेचा निकाल अवघ्या ७६ मतांनी लागला. इतक्या लहान मतदारसंघांत एकवटलेल्या समाजाला आपले प्रतिनिधी निवडून आणणे सोपे जाते. तोच नियम विखुरलेल्या समाजाच्या मुळावर येतो.

मुक्तीनंतरची पहिली फळी

पहिल्या विधानसभेत ३० जागा होत्या. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, तर १२ जागा मिळवणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते झाले. त्या निवडणुकीचा मुख्य प्रश्न महाराष्ट्रातील विलीनीकरण हा होता. मगो पक्षाचा आधार बहुजन हिंदू समाजात, तर युनायटेड गोवन्सचा आधार प्रामुख्याने ख्रिस्ती समाजात होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. अंतर ३४,०२१ मतांचे होते. ख्रिस्ती मतदारांच्या जोडीला मोठ्या संख्येने हिंदू मतदारांनीही वेगळ्या गोव्याला कौल दिल्यावाचून हा निकाल लागणे शक्य नव्हते. तरीही त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत मगो पक्षच सत्तेवर आला. गोव्याचे वेगळे अस्तित्व राखण्यात ज्या नेतृत्वाचा मोठा वाटा होता, त्याला राज्य चालवण्याची संधी मिळाली नाही.

लोकसभेच्या बाबतीत चित्र वेगळे होते. १९६३ मध्ये गोवा मुक्तिलढ्यातील नेते पीटर अल्वारिस लोकसभेत गेले. पुढे मुरगाव मतदारसंघातून एराझ्म सिक्वेरा, एदुआर्द फालेरो, चर्चिल आलेमाव आणि फ्रान्सिस सार्दिन निवडून आले. एदुआर्द फालेरो यांनी १९७७ ते १९९६ असे सलग प्रतिनिधित्व केले आणि केंद्रात राज्यमंत्रिपदही भूषवले. हाच मतदारसंघ आता दक्षिण गोवा या नावाने ओळखला जातो. २०१९ मध्ये सार्दिन आणि २०२४ मध्ये विरियातो फर्नांडिस तेथून विजयी झाले.

१९८० मध्ये काँग्रेसच्या एका गटाने मगो पक्षाची सत्ता संपवली. प्रदेशाध्यक्ष डॉ. विल्फ्रेड डिसोझा मुख्यमंत्रिपदाचे दावेदार मानले जात होते. निवड मात्र प्रतापसिंह राणे यांची झाली. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, तेव्हाही राणेच मुख्यमंत्री होते.

पाच मुख्यमंत्री, एक दशक

१९८९ च्या निवडणुकीनंतर काँग्रेस आणि मगो यांच्या संख्याबळात फार अंतर उरले नाही. मार्च १९९० मध्ये काँग्रेसमधून फुटलेल्या गटाने मगो पक्षाशी हातमिळवणी केली आणि २७ मार्च रोजी चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री झाले. गोव्याला पहिला ख्रिस्ती मुख्यमंत्री मिळाला तो विलीनीकरणाचा पुरस्कार केलेल्या मगो पक्षाच्या पाठिंब्यावर, ही बाब लक्षणीय आहे. आलेमाव यांची कारकीर्द अठरा दिवसांत संपली. १४ एप्रिल रोजी डॉ. लुईस प्रोत बार्बोझा यांनी त्यांची जागा घेतली आणि डिसेंबरमध्ये तेही पायउतार झाले.

डॉ. विल्फ्रेड डिसोझा तीन वेळा मुख्यमंत्री झाले: मे १९९३ ते एप्रिल १९९४, त्यानंतर सहा दिवसांचा खंड पडून डिसेंबर १९९४ पर्यंत, आणि पुन्हा जुलै ते नोव्हेंबर १९९८. तिसऱ्या वेळी काँग्रेसमधून फुटून त्यांनी गोवा राजीव काँग्रेस स्थापन केली होती. लुईझिन फालेरो नोव्हेंबर १९९८ मध्ये मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये राष्ट्रपती राजवट आली. जून १९९९ मध्ये काँग्रेसला स्वबळावर बहुमत मिळाले आणि फालेरो पुन्हा सत्तेवर आले. निवडणुकीत बहुमत मिळवलेल्या पक्षाचा नेता म्हणून मुख्यमंत्री झालेले ते पाचांतील एकमेव. तेही साडेपाच महिनेच टिकले. २४ नोव्हेंबर १९९९ रोजी फ्रान्सिस सार्दिन यांनी काँग्रेसमध्ये फूट पाडून भाजपच्या साहाय्याने सरकार बनवले. अकरा महिन्यांनी भाजपने पाठिंबा काढला आणि पर्रीकर मुख्यमंत्री झाले.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. ख्रिस्ती नेत्यांना मुख्यमंत्रिपद मिळाले ते बहुतेक वेळा पक्षफुटीतून, तडजोडीचा उमेदवार म्हणून. दहा-बारा आमदारांचा गट ज्याच्या मागे, त्याच्याकडे पद, असा तो काळ होता. अशा व्यवस्थेत कोणत्याही समाजाच्या नेत्याला संधी मिळू शकत होती. टिकून राहण्याची हमी मात्र कोणालाच नव्हती. राजकारण दोन मोठ्या पक्षांभोवती स्थिरावले तसा हा मार्ग बंद होत गेला.

संख्या असूनही पद दूर

२००० नंतर भाजपने ख्रिस्तीबहुल भागांत जाणीवपूर्वक प्रवेश केला. २०१२ मध्ये पक्षाने सहा ख्रिस्ती उमेदवार उभे केले आणि सहाही जिंकले. म्हापशाचे फ्रान्सिस डिसोझा उपमुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर केंद्रात संरक्षणमंत्री म्हणून गेले, तेव्हा डिसोझा यांनी मुख्यमंत्रिपदावर उघडपणे दावा सांगितला. निवड लक्ष्मीकांत पार्सेकर यांची झाली आणि डिसोझा उपमुख्यमंत्रिपदावरच राहिले.

याहून बोलके उदाहरण जुलै २०१९ चे आहे. काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये दाखल झाले. त्यांपैकी आठ ख्रिस्ती होते. भाजपचे संख्याबळ २७ वर गेले आणि त्यांत ख्रिस्ती आमदार १५ झाले. सत्ताधारी पक्षाच्या आमदारांत निम्म्याहून अधिक ख्रिस्ती असतानाही मुख्यमंत्री, तसेच नव्या रचनेतील उपमुख्यमंत्री ख्रिस्ती नव्हते. काही ख्रिस्ती आमदारांना मंत्रिपदे मिळाली.

२०२२ च्या निवडणुकीत ४० पैकी १६ ख्रिस्ती आमदार निवडून आले. लोकसंख्येतील वाट्याच्या तुलनेत हे प्रमाण बरेच अधिक आहे. हे आमदार मात्र भाजप, काँग्रेस, आम आदमी पक्ष आणि अपक्ष अशा चार ठिकाणी विभागलेले होते. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी काँग्रेसच्या आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्यांत चार ख्रिस्ती होते. कुंकळ्ळीचे युरी आलेमाव पुढे विरोधी पक्षनेते झाले.

गोव्यातील आमदाराचे बळ त्याच्या मतदारसंघात असते. घराण्याचा जनसंपर्क, पंचायतींवरील पकड आणि मतदारांची दैनंदिन कामे यांवर तो निवडून येतो. त्यामुळे पक्ष बदलूनही अनेकांची जागा टिकते. परंतु राज्यभर स्वीकारले जाणारे नेतृत्व अशा राजकारणातून सहजी घडत नाही. युनायटेड गोवन्सनंतर राज्यव्यापी आणि दीर्घकाळ टिकणारा तसा पक्षही उभा राहिला नाही.

मुस्लिम समाज: प्रवेशाचाच प्रश्न

मुस्लिम समाजाचे गोव्यातील वास्तव्य पोर्तुगीजांपूर्वीचे आहे. १५१० पूर्वी तिसवाडीवर आदिलशाहीचा अंमल होता आणि फोंड्याची साफा मशीद सोळाव्या शतकातील आहे. आजची मुस्लिम लोकसंख्या जुन्या गोमंतकीय कुटुंबांबरोबरच कर्नाटकसह इतर राज्यांतून आलेल्या श्रमिक आणि व्यापारी कुटुंबांची मिळून बनलेली आहे. ती वास्को, मुरगाव, मडगाव, फोंडा अशा शहरी भागांत आहे. पण एकाही मतदारसंघात ती बहुसंख्य नाही.

मुरगावचे शेख हसन हरूण हे या समाजातील सर्वाधिक उंची गाठलेले नेते. ते आमदार आणि मंत्री होते आणि नव्वदच्या दशकात त्यांनी विधानसभेचे सभापतिपदही भूषवले. त्यांच्यानंतर ती परंपरा पुढे गेली नाही. २०१२, २०१७ आणि २०२२ या तिन्ही निवडणुकांत एकही मुस्लिम आमदार निवडून आला नाही. नगरपालिकांमध्ये मुस्लिम नगरसेवक निवडून येतात, कारण प्रभाग लहान असतात आणि वस्ती एकवटलेली असते. विधानसभेच्या पातळीवर प्रमुख पक्ष मुस्लिम उमेदवाराला क्वचितच उमेदवारी देतात. चुरशीच्या लढतीत दोन-तीन हजार मुस्लिम मते निकाल फिरवू शकतात. त्यामुळे समाजाच्या मताला किंमत येते, परंतु उमेदवाराला येत नाही.

इतर राज्यांचा दाखला

हे सर्वत्र असेच घडते असे नाही. गोव्याप्रमाणेच युरोपीय वसाहतीचा वारसा असलेल्या पुदुच्चेरीत मुस्लिम लोकसंख्या सुमारे सहा टक्के आहे. तेथे एम. ओ. एच. फारूक १९६७ मध्ये, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, मुख्यमंत्री झाले आणि नंतरही दोनदा त्या पदावर आले. केरळमध्ये ख्रिस्ती समाजाचे ऊमन चंडी यांनी २०११ ते २०१६ अशी पूर्ण मुदत सांभाळली. केरळच्या आघाड्यांत विशिष्ट समाजांत पाया असलेले पक्ष अधिकृत घटक म्हणून वाटाघाटी करतात. त्या सौद्याला स्थैर्य असते. तरीही मुस्लिम लीगचे सी. एच. मोहम्मद कोया १९७९ मध्ये दोन महिन्यांहून कमी काळच मुख्यमंत्री राहिले. महाराष्ट्रात बॅ. अ. र. अंतुले हे जून १९८० ते जानेवारी १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. त्यांच्यानंतर तेथे मुस्लिम मुख्यमंत्री झालेला नाही.

घटनात्मक चौकट आणि पक्षांची जबाबदारी

संविधान सभेने मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळांत राखीव जागा न ठेवण्याचा निर्णय घेतला. ख्रिस्ती समाजातील हरेंद्रकुमार मुखर्जी आणि फादर जेरोम डिसोझा यांच्यासारख्या सदस्यांचा त्याला पाठिंबा होता. राखीव जागांऐवजी सर्वसाधारण राजकीय पक्षच अल्पसंख्याकांना न्याय्य वाटा देतील, हा त्यामागील विश्वास होता. त्यामुळे प्रतिनिधित्वाची जबाबदारी कायद्यावर नव्हे, तर उमेदवारी आणि नेतृत्व ठरवणाऱ्या पक्षांवर येते.

एखाद्या समाजाचा मुख्यमंत्री झाल्याने त्या समाजाचे प्रश्न आपोआप सुटत नाहीत. अठरा दिवसांच्या किंवा अकरा महिन्यांच्या कारकिर्दीत ते सुटणे शक्यही नव्हते. मतदारही केवळ धर्म पाहून मत देत नाहीत, हे जनमत कौलापासून आजवर अनेकदा दिसले आहे. परंतु राज्याचे नेतृत्व आपल्यातील कोणालाही खुले आहे, ही भावना लोकशाहीवरील विश्वासाचा भाग असते. गोव्यात एका समाजाकडे सभागृहातील संख्या आहे, पण शिखरापर्यंतची वाट पाव शतकापासून बंद आहे. दुसऱ्या समाजासाठी सभागृहाचे दारच उघडलेले नाही. पहिल्याची अडचण पक्षांतर्गत निवडीत आहे, तर दुसऱ्याची उमेदवारीत. दोन्ही निर्णय मतदानाच्या दिवसाआधी किंवा त्यानंतर पक्षांच्या बैठकीत होतात आणि तेथे मतदाराचा हात पोहोचत नाही.