पायी चालणारा माणूस गाडीला कसा दिसू लागला

अलीकडे नव्या गाडीची जाहिरात बघितली की त्यात एक गोष्ट हमखास सांगितलेली असते: समोर माणूस आला तर गाडी तो ओळखते आणि चालकाने काही केलं नाही तर स्वतःच ब्रेक लावते. आज आपण या सोयीचा इतिहास पाहणार आहोत. तंत्रज्ञान म्हणून तो तीस-चाळीस वर्षांचा आहे. पण रस्त्यावर माणूस आहे की नाही हे बघायचं कोणी, हा प्रश्न त्याहून बराच जुना आहे. त्यामुळे सुरुवात थोडी मागून करू.

इंग्लंडमध्ये १८६५ साली एक कायदा झाला. तेव्हा रस्त्यावर वाफेवर चालणारी अवजड इंजिनं होती. कायद्याने त्यांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात २ मैल एवढाच वेग दिला. शिवाय इंजिनाच्या पुढे ६० यार्ड, म्हणजे साधारण ५५ मीटर, एका माणसाने लाल बावटा घेऊन चालायचं. पुढे कोणी आहे का ते बघायचं काम त्याचं. म्हणजे पादचारी ओळखणारी पहिली यंत्रणा म्हणजे स्वतःच एक पादचारी होता! १८७८ साली हे अंतर कमी झालं आणि लाल बावट्याची सक्ती गेली. १८९६ साली हलक्या मोटारींसाठी पुढे चालणारा माणूसच रद्द झाला, आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांवर गेली. ही सवलत नोव्हेंबरात अमलात आली. त्याआधी तीनच महिने, १७ ऑगस्टला, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाच्या बाई मोटारीखाली सापडून मरण पावल्या. मोटारीच्या धडकेने पादचारी मेल्याची ब्रिटनमधली ती पहिली नोंद मानली जाते. मृत्यू अपघाती ठरवला गेला.

पुढे चालणारा माणूस गेला, तेव्हा बघायचं काम चालकाकडे आलं. पण तिथेही ते पूर्णपणे राहिलं नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'जेवॉकर' हा शब्द आला. 'जे' म्हणजे शहरात येऊन गांगरलेला गावंढळ. कुठूनही रस्ता ओलांडणाऱ्याला हिणवायला तो वापरला जाई. मोटार क्लब आणि मोटार उद्योगाने तो उचलून धरला, आणि १९२५ साली लॉस एंजेलिसच्या वाहतूक नियमावलीने पादचाऱ्याची जागा बऱ्यापैकी आखून दिली: ओलांडायचं ते ठरलेल्या पट्ट्यावरून. तोवर रस्ता सगळ्यांचा होता. आता पादचाऱ्याने गाडीकडे बघायचं, असा उलटा हिशेब झाला. हा शब्द लक्षात ठेवा. जवळजवळ शंभर वर्षांनी तो आपल्याला एका संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा भेटणार आहे.

आता यंत्राकडे येऊ. गाडीला डोळे देण्याचे गंभीर प्रयत्न १९८० च्या दशकात सुरू झाले. म्युनिकजवळच्या जर्मन सैन्यदलांच्या विद्यापीठात अर्न्स्ट डिकमान्स यांनी मर्सिडीजच्या एका व्हॅनमध्ये कॅमेरे आणि संगणक बसवले. १९८७ साली ती व्हॅन रिकाम्या महामार्गावर ताशी ९६ किलोमीटरपर्यंत स्वतः धावली. त्याच सुमारास युरोपात 'प्रोमिथियस' हा मोठा संशोधन प्रकल्प सुरू झाला. १९९५ साली डिकमान्स यांची गाडी म्युनिकहून डेन्मार्कमधल्या ओडेन्सेपर्यंत जाऊन आली आणि त्यातला बहुतेक प्रवास तिने स्वतः केला.

पण हा सगळा महामार्गाचा खेळ होता, आणि महामार्गावर माणूस चालत नाही. रस्त्याची कड, पांढरे पट्टे, पुढच्या गाडीचा मागचा भाग, या गोष्टींचा आकार ठरलेला असतो. माणसाचं तसं नाही. तो वाकतो, पळतो, छत्री उघडतो, पोराला कडेवर घेतो, साडी नेसतो, रेनकोट घालतो. कॅमेऱ्याला दिसतात ते फक्त उजेड-अंधाराचे आकडे. त्या आकड्यांच्या ढिगातून 'हा माणूस' असं म्हणायचं कसं?

याला दोन उत्तरं आली. पहिलं उत्तर साच्यांचं. डेम्लर कंपनीत काम करणाऱ्या दारियू गाव्रिला यांनी १९९९-२००० च्या सुमारास माणसांच्या बाह्याकृतींचे अनेक साचे तयार केले. चित्रातल्या कडा शोधायच्या आणि त्या कुठल्या साच्याशी जुळतात ते पाहायचं. साचे खूप असल्याने त्यांची उतरंड केली होती: आधी ढोबळ साचा, तो जुळला तरच पुढचा बारीक. वेळ वाचावा म्हणून, कारण गाडी पुढे जातच असते.

दुसरं उत्तर होतं शिकवण्याचं. अमेरिकेत एमआयटीमध्ये तोमासो पोज्जो यांच्या गटाने १९९७ साली वेगळी वाट धरली. माणूस कसा दिसतो हे आपण सांगायचंच नाही. माणूस असलेली चित्रं आणि नसलेली चित्रं दाखवायची आणि दोन्हींतला फरक यंत्राला शोधू द्यायचा. आज हे आपल्याला ओळखीचं वाटतं. तेव्हा ते नवं होतं. त्यांच्या संचात ६४ बाय १२८ ठिपक्यांची काहीशे चित्रं होती, आणि त्यातली माणसं समोरून किंवा पाठीमागून दिसणारी, उभी किंवा चालणारी होती.

इथे एक गोष्ट घडली आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तीच आहे. यंत्राला आपण जी चित्रं दाखवतो, तीच त्याच्यासाठी 'माणूस' या शब्दाची व्याख्या होते. बाजूने दिसणारा माणूस संचात नसेल, तर बाजूने दिसणारा माणूस यंत्राच्या व्याख्येत नाही.

२००५ साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ इन्रिया या संस्थेत नवनीत दलाल आणि बिल ट्रिग्ज यांनी पुढची पद्धत मांडली. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे छोटे चौकोन करायचे, आणि प्रत्येक चौकोनात उजेड कुठल्या दिशेने बदलतो हे ९ दिशांमध्ये मोजायचं. डोकं, खांदे, पाय यांच्या कडांची एक ठेवण यातून मिळते, मग कपडे काळे असोत की पांढरे. ही पद्धत एवढी चांगली निघाली की एमआयटीच्या जुन्या संचावर तिला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळाले. पेपर फारच सोपा झाला! म्हणून त्यांनी १,८०५ मानवी चित्रांचा नवा, अवघड संच केला. त्यात गर्दी होती, तऱ्हेतऱ्हेच्या पार्श्वभूमी होत्या, वेगवेगळ्या ढबी होत्या. २००९ साली कॅल्टेकने त्याहून मोठा संच आणला: लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गाडीतून घेतलेलं साधारण १० तासांचं चित्रण आणि खुणा केलेल्या साडेतीन लाख चौकटी. दर वेळी पेपर अवघड केला आणि यंत्र थोडं सुधारलं.

दरम्यान प्रयोगशाळेतलं रस्त्यावर येत होतं. २००४ साली होंडाने जपानमध्ये 'लेजेंड' गाडीत दोन अवरक्त कॅमेरे बसवले. ते शरीराची उष्णता टिपून रात्री चालकाला पादचाऱ्याची सूचना देत. ब्रेक मात्र चालकानेच लावायचा. २०१० साली व्होल्वोच्या एस-६० मध्ये पूर्ण ब्रेक स्वतः लावणारी यंत्रणा आली. ताशी ३५ किलोमीटरपर्यंत धडक टाळता येईल असं कंपनीचं म्हणणं होतं. तिची रचना आजही बहुतेक गाड्यांत ओळखता येते, म्हणून ती समजून घेऊ.

समोरच्या जाळीत रडार, आणि आतल्या आरशामागे काचेला लागून कॅमेरा. रडार सांगतं वस्तू किती लांब आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे. पण ती वस्तू काय आहे हे त्याला नीट कळत नाही, आणि माणसाच्या अंगावरून रडारची लहर धातूच्या मानाने क्षीण परत येते. कॅमेरा सांगतो 'माणूस वाटतो आहे', पण अंतराच्या बाबतीत तो कच्चा. दोघांचं म्हणणं जुळवायचं. मग हा माणूस पुढच्या दोन-तीन सेकंदांत कुठे असेल आणि गाडी कुठे असेल याचा अंदाज करायचा. दोन्ही वाटा एकमेकींना छेदत असतील तर आधी इशारा, आणि तरीही काही झालं नाही तर ब्रेक.

यात किती वेळ वाचतो? ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. चालकाला भानावर यायला एक सेकंद धरला तर तेवढ्यात १४ मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक लावून थांबायला आणखी साधारण १२. एकूण २६. पोर २० मीटरवर आडवं आलं तर गाडी वेळेत थांबत नाही. यंत्राने तोच निर्णय एक तृतीयांश सेकंदात घेतला तर १७ मीटरच्या आत थांबते. जीव वाचतो तो या फरकात.

मग यंत्राने जरा शंका आली की ब्रेक का लावू नये? कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. माणूस असून दिसला नाही ही एक चूक. माणूस नसताना, पुलाची सावली किंवा जाहिरातीचा फलक बघून भर रस्त्यात ब्रेक लावला ही दुसरी. दुसरीमुळे मागची गाडी येऊन आदळते, आणि वैतागलेला चालक यंत्रणाच बंद करून टाकतो. कुठली चूक किती सोसायची हे यंत्र ठरवत नाही, त्याचे कर्ते ठरवतात.

आता १८ मार्च २०१८ ची रात्र. ठिकाण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं टेम्पी. उबरची एक स्वयंचलित गाडी चाचणीसाठी फिरत होती. एक बाई सायकल हातात धरून, ठरलेला पट्टा सोडून, रस्ता ओलांडत होत्या. गाडीने त्यांना धडक दिली आणि त्या मरण पावल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. गाडीला त्या दिसल्या होत्या, तेही धडकेच्या ५.६ सेकंद आधी. गाडीचा वेग पाहता ते अंतर शंभर मीटरहून जास्त होतं. पण प्रोग्रॅम त्यांना कधी वाहन म्हणे, कधी अज्ञात वस्तू, कधी सायकल. आणि दर वेळी नाव बदललं की त्या आधी कुठे होत्या हे विसरून जाई. त्यामुळे त्या कुठे चालल्या आहेत याचा अंदाजच बांधला गेला नाही. उगाच ब्रेक लागू नये म्हणून धोका ओळखल्यावरही एक सेकंद थांबायची सोय होती. गाडीतली व्होल्वोची मूळ आपत्कालीन ब्रेक यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली होती. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचं लक्ष मोबाइलवर होतं. आणि मंडळाने नोंदवलेली एक बाब अशी: 'जेवॉकिंग' करणाऱ्या पादचाऱ्याचा विचार त्या प्रोग्रॅमच्या रचनेत केलेलाच नव्हता.

१९२५ ची नियमावली इथे संगणकाच्या आत जाऊन बसली होती. पट्ट्याबाहेर पादचारी नसावा, हा नियम. पट्ट्याबाहेर पादचारी नसतो, हे गृहीतक. दोन्हींत फक्त एका शब्दाचा फरक आहे, आणि तो एका माणसाच्या जिवावर बेतला.

म्हणून या इतिहासात परीक्षा घेणाऱ्यांना फार महत्त्व आहे. युरोपातल्या युरो एनकॅप या संस्थेने २०१६ पासून पादचाऱ्यासाठीच्या ब्रेकची चाचणी सुरू केली. उभ्या गाड्यांमागून पळत येणाऱ्या मुलाचा पुतळा त्यात आहे. २०१८ मध्ये रात्रीच्या चाचण्या आणि सायकलस्वार आले. २०१९ साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने चार गाड्या तपासल्या. ताशी २० मैलांवर, दोन गाड्यांमधून अचानक पळत आलेल्या मुलाच्या पुतळ्याला १०० पैकी ८९ वेळा धडक बसली, आणि रात्री तर यंत्रणा निरुपयोगी ठरली. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२२ साली प्रत्यक्ष अपघातांचे आकडे तपासले. ही यंत्रणा असलेल्या गाड्यांचे पादचाऱ्यांशी होणारे अपघात २७ टक्क्यांनी कमी होते. हा फायदा लहान नाही. पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फरक शून्य. आणि अमेरिकेत पादचाऱ्यांचे सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू अंधारातच होतात. २०२४ साली अमेरिकी सरकारने नियम जाहीर केला तेव्हा पादचारी दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा ओळखला पाहिजे, असं त्यात मुद्दाम घातलं.

मग आपल्याकडे काय? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही-७०० सारख्या गाड्यांतून २०२१ पासून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आपल्या रस्त्यांवरही आली. पण हे यंत्र कुठल्या रस्त्यावर शिकलं, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. २०१६ चा 'सिटीस्केप्स' हा नावाजलेला संच ५० शहरांतला, आणि ती बहुतेक जर्मनीतली. व्होल्वोने मोठे प्राणी ओळखायची यंत्रणा स्वीडनच्या मूस हरणांवर घडवली. २०१७ साली ऑस्ट्रेलियात उड्या मारणाऱ्या कांगारूंपुढे तिचा अंतराचा अंदाज चुकत असल्याची बातमी आली.

हैदराबादच्या आयआयआयटीतल्या संशोधकांनी हे ओळखलं. हैदराबाद, बंगळूर आणि आसपासच्या रस्त्यांवरच्या १८२ फेऱ्यांमधून त्यांनी १०,००० चित्रांचा 'इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट' तयार केला. त्यात ३४ वर्ग आहेत, आणि रिक्षा, जनावरं, रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी यांना स्वतःचं नाव आहे. ती पट्टी महत्त्वाची, कारण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी फुटपाथ तीच असते.

तेव्हा 'गाडी माणूस ओळखते' हे वाक्य पुन्हा ऐकाल, तेव्हा आपण पुढचा प्रश्न विचारूया: कुठला माणूस? पहाटे अंधारात कडेने चालत येणारा दूधवाला, डोक्यावर भारा घेतलेली बाई, शाळा सुटल्यावर दोन रिक्षांमधून धावणारं पोर, आषाढातली वारी, हे तिच्या परीक्षेत आहेत का? ती परीक्षा कोण घेतं आणि तिचा निकाल आपल्याला बघायला मिळतो का? रस्त्यावर उजेड आणि चालायला जागा असली तर यंत्राचं आणि चालकाचं, दोघांचंही काम सोपं होतं, हेही विसरायला नको. आजच्यापुरतं इथेच थांबू.