देवाचा दरबार आणि घरचे दळण

परवा रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी मत्तयाचा सहावा अध्याय घेतला होता. आकाशातली पाखरे, रानातली फुले आणि उद्याची चिंता करू नका हा प्रभूचा उपदेश. माझे कान तिकडे होते, पण मन मात्र गॅसचा सिलेंडर सकाळी येणार की दुपारी, यात अडकलेले! पंचाहत्तरी उलटली तरी हे असेच. घरी आले आणि कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढले. इतकी वर्षे वर्गात मराठी शिकवले, पण लक्ष्मीबाई टिळक मला खऱ्या कळल्या त्या निवृत्तीनंतरच.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट बहुतेकांना थोडीफार ठाऊक असते. जन्म १८६१ चा, कोकणातला. एकदा आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले, ते कायमचेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाखरांचा नि फुलांचा तो उपदेश याच प्रवचनातला, हे ध्यानात ठेवा.

टिळकांनी देवाकडे पाहिले आणि निघाले. मागे काय राहिले? लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, आणि लोकांच्या नजरा निराळ्याच. काही वर्षे अशी काढल्यावर त्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर) नवऱ्याकडे आल्या आणि पुढे १९०० साली स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. नवरा झाला म्हणून नव्हे, स्वतःला पटले म्हणून.

पण स्वभाव का बदलतो? टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. दारी आलेला विन्मुख जायचा नाही, अनाथ मुले घरात यायची. घरात काय आहे, काय नाही, हे बघायचे लक्ष्मीबाईंनी. त्यांनी हे सारे लिहिले ते हसत हसत, पण त्या हसण्याच्या आत किती रात्रींचा हिशेब असेल!

आणि १९१७ साली टिळकांनी कळस केला. अमेरिकन मिशनचे काम सोडले, त्याबरोबर पगारही सोडला. आता फक्त देवावर भिस्त. साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. महायुद्धाचे दिवस, महागाई वाढत चाललेली, आणि घरातला ठरलेला पगार बंद! दोन वर्षांतच, ९ मे १९१९ ला, टिळक मुंबईत वारले.

तरुणपणी मला वाटायचे, टिळक म्हणजे मरीया आणि लक्ष्मीबाई म्हणजे मार्था. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या त्या दोघी बहिणी. एक प्रभूच्या पायाशी बसलेली, दुसरी स्वयंपाकघरात घाम गाळणारी. आणि शाबासकी मात्र बसलेलीला! खरे सांगते, मला या गोष्टीचा राग यायचा.

आता वाटते, प्रभूने मार्थाला स्वयंपाकाबद्दल बोल लावला नाही, तिच्या जिवाच्या घालमेलीबद्दल लावला. पाखरेसुद्धा दिवसभर दाणे टिपतात की, घरट्यात बसून वाट पाहत नाहीत. आणि लाजर मेला तेव्हा प्रभूला सामोरी कोण गेली? योहानाचा अकरावा अध्याय काढून बघा. मरीया घरातच बसून होती. गेली ती मार्था, आणि तूच ख्रिस्त आहेस हे तिनेच स्पष्ट सांगितले.

लक्ष्मीबाईंचेही तसेच. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते पुरे केले कोणी? ज्या बाईला घरी बसून जेमतेम लिहावाचायला शिकवले होते, तिने! अध्यायामागून अध्याय लिहीत गेली. पिठामिठाची काळजी वाहणारीने देवाचे काव्य तडीस नेले.

आता माझे. १९७२ चा दुष्काळ. लग्नाला वर्षच झाले होते. रेशनला तांबडी मिलो मिळायची. माहेरून आलेली थोडी चांगली ज्वारी मी जपून ठेवली होती. आमच्या ह्यांनी दुष्काळी कामावरच्या एका कुटुंबाला ती द्यायचे ठरवले, मला न विचारता. मी भडकले. म्हटले, "उद्या देव येऊन आपल्याला दळण देणार आहे का?" ते काही बोलले नाहीत. मी रागारागाने अर्धी ज्वारी पिशवीत भरली, तोंड बांधले आणि त्यांच्यापुढे आदळली. महिनाअखेरपर्यंत आम्ही मिलोच खाल्ली. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

हे जाऊन आता सहा वर्षे झाली. शेवटच्या दुखण्यात एकदा ती गोष्ट निघाली. मी म्हटले, "तेव्हा मी फार बोलले तुम्हाला." तर म्हणाले, "अगं, मी नुसते ठरवले. पिशवी तर तूच भरलीस."

परवा तो सिलेंडर दुपारी आला. येईपर्यंत मी काळजी केलीच. पण वाट बघता बघता पाळकसाहेबांचा तो अध्याय पुन्हा एकदा, या वेळी नीट, वाचून काढला.